लिव्हरचा गंज काढणाऱ्या कॅप्सूल

"लिव्हर सिरॉसिस," डॉक्टर म्हणाले आणि मान वर न करता पुढचा प्रश्न टाकला, "किती वर्षांपासून पितात?"

माझे मिस्टर प्रभाकर समोरच स्टुलावर बसले होते. त्यांना न विचारता डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, "पीत नाहीत." डॉक्टर हसले. बायका असंच म्हणतात, असं ते हसू होतं. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंना राहवलं नाही. "मना आंडोर दारू पेत नही, डाक्टर. बठ्ठा गावले माहीत शे." आंडोर म्हणजे मुलगा; सासूबाई अहिराणीच बोलतात.

पुढे रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात हेपटायटिस बी निघाला. ही रक्तातून पसरणारी कावीळ. कधीतरी, बहुतेक नीट न उकळलेल्या सुईतून, ती अंगात शिरली होती आणि वर्षानुवर्षं यकृत पोखरत होती. सिरॉसिस म्हणजे यकृतावर वणच वण होणं. वण झालेला भाग काम करत नाही, आणि तो पुन्हा पहिल्यासारखाही होत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, "अच्छा" म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या हसण्याबद्दल अवाक्षर नाही. माझा राग सुरू झाला तो तिथून. हे मी लपवत नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं फार शांत, समंजस असतात असं मी वाचलं आहे. मी तशी नाही.

आम्ही धुळ्याचे. मिस्टर पेंटर. आग्रा रोडवर गॅरेजांच्या रांगेत त्यांची जागा होती. ट्रकच्या फाळक्यावरचे मोर, कमळं, नंबर, मालकाच्या मुलांची नावं, सगळं हातानं काढायचे. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. चाळीसगावचे ड्रायव्हर मुद्दाम गाडी इकडे आणायचे. आधी त्यांचे पाय सुजायला लागले, मग पोट तट्ट झालं, मग डोळे पिवळे. आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणत होतो, पण दिवाळीच्या आतच स्टुलावर बसायची वेळ आली.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. "मला विचारल्याशिवाय काही देऊ नका. डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही." मिस्टरांनी मान हलवली. मीही हलवली.

मग माणसं यायला लागली. कोणी भुईआवळा आणला, कोणी उसाच्या रसात कसली तरी राख कालवून आणली, कोणी एरंडोलकडच्या कुठल्या बाबाचा पत्ता. मी सगळ्यांना चहा दिला आणि त्यांच्या पाठीमागे सगळं मोरीत ओतलं. पण माझ्या सख्ख्या भावानं आणलेलं मला ओतता आलं नाही, कारण ते त्यानं माझ्या हातात दिलंच नव्हतं.

दिलीप माझ्यापेक्षा लहान, जळगावला राहतो. तेव्हा औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून तो एका कंपनीच्या कॅप्सूल विकायला लागला होता. दुकानात न मिळणाऱ्या, माणसानं माणसाला विकायच्या. गळ्यात टाय. तोंडात एकच शब्द: अँटिऑक्सिडंट.

"भावजी," तो मिस्टरांना म्हणाला, "पत्र्याला गंज चढू नये म्हणून तुम्ही आधी काय लावता?"

"रेड ऑक्साइड."

"बस. तुमच्या लिव्हरला गंज चढलाय. ह्या कॅप्सूल म्हणजे आतला प्रायमर."

मग त्यानं रंगीत कागद उलगडला. मेथिओनाइन आणि सिस्टीन. ही गंधक असलेली अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यांच्यापासून शरीर ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बनवतं आणि ते यकृतातलं विष धुऊन काढतं. कागदावर एक काळं यकृत होतं, शेजारी एक गुलाबी.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू."

दिलीप म्हणाला, "ताई, ह्याला औषध म्हणतच नाहीत. हे अन्न आहे. अन्न खायला डॉक्टरला विचारतेस का?"

आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण आजारी माणसाला कोण काय देतं यापेक्षा कोण आशा देतं हे जास्त दिसतं. डॉक्टर म्हणाले होते, बरं होणार नाही, सांभाळायचं. दिलीप म्हणत होता, बरं होणार. मिस्टरांनी बाटली उशाशी ठेवली आणि मला सांगितलं, "माझं शरीर आहे."

सुरुवातीला त्यांना बरं वाटलं, हे खोटं बोलणार नाही. डॉक्टरांच्या लघवीच्या गोळ्यांनी पोटातलं पाणी उतरलं होतं, भूक लागत होती. श्रेय कॅप्सूलना मिळालं. दिलीप आम्हाला जळगावला घेऊन गेला. मंगल कार्यालयात सभा होती. माझ्या पिवळ्या डोळ्यांच्या नवऱ्याला त्यानं स्टेजवर उभं केलं, हातात माइक दिला. मिस्टर म्हणाले, "मला आराम आहे." एवढंच. हॉलभर टाळ्या. दिलीपनं माइक घेतला आणि बाकीचं स्वतः सांगितलं: डॉक्टरांनी आशा सोडलेला पेशंट, माझे सख्खे भावजी. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिचा काय दोष, पण वाटली.

त्या सभेनंतर डोस दुप्पट झाला.

मग जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून नीट सांगते. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आधी झोप उलटी झाली. दिवसा पेंगायचे, रात्री टक्क जागे. मग तोंडाला वास यायला लागला, गोडसर, कुबट, ओल्या फडक्यासारखा. आम्हाला वाटलं, कॅप्सूलमध्ये गंधक आहे, त्याचा असेल. मग चिडचिड. एका ट्रकच्या फाळक्यावर 'चाळीसगाव' लिहिताना दोन 'ळी' लिहिले आणि मालकानं दाखवल्यावर त्याच्याच अंगावर ओरडले. आयुष्यात गिऱ्हाइकावर आवाज न चढवलेला माणूस. एका सकाळी त्यांनी शर्ट पायात घालायचा प्रयत्न केला. सासूबाई पाणी घेऊन पुढे गेल्या तर म्हणाले, "ही बाई कोण?"

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "मना आंडोर माले वळखत नही व," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

शेजारच्या किराणा दुकानातून मी दिलीपला फोन लावला. सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण हे शब्द तुम्हालाही कोणीतरी ऐकवील.

"ताई, घाबरू नको. विष बाहेर पडतंय. ही चांगली खूण आहे. आता थांबू नको, डोस वाढव."

मी फोन ठेवला आणि रिक्षा बोलावली.

यावेळी दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आल्या आल्या मिस्टरांच्या तोंडाचा वास घेतला. मग दोन्ही हात पुढे धरायला लावले, पंजे वर उचलून, जणू गाडी थांबवायची आहे. पंजे फडफडायला लागले, पंख हलावेत तसे. मग बाईंनी कागद-पेन दिलं. "काका, एक चांदणी काढा."

माझे मिस्टर चांदणी काढायला लागले. गावातल्या अर्ध्या ट्रकवर त्यांच्या हातच्या चांदण्या होत्या. पेन कागदावर भरकटलं, रेघा एकमेकींना भेटेचनात. त्यांनी स्वतःच तो कागद उलटा केला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी तोवर रडले नव्हते.

"एन्सेफॅलोपथी," बाई म्हणाल्या. "यकृतानं गाळायची घाण गाळली जात नाही, ती मेंदूपर्यंत जाते. औषधं कोणती चालू आहेत? सगळी दाखवा."

मी पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढली. बाईंनी लेबल वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"हे कोणी दिलं?"

"माझ्या भावानं."

त्या रागावल्या, पण समजावून सांगितलं. मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरनं खुर्ची ओढून बसवलं. त्या म्हणाल्या, "मेथिओनाइन काही विष नाही. कोणी पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या खाल्ल्या, तर यकृत वाचवायला आम्ही हेच किंवा याच्या जातीतलं औषध देतो. तुमच्या भावाच्या कागदावरचं अर्धं खरं आहे. पण ते अख्ख्या यकृतासाठी. यांचं यकृत वणांनी भरलंय, ते हे पचवू शकत नाही. आतड्यातले जंतू त्याचाच घाणेरडा वायू करतात. तोच तोंडाला येतो आणि तोच डोक्यात चढतो. सिरॉसिसच्या पेशंटला मेथिओनाइन दिलं तर असं होतं, हे फार वर्षांपासून माहीत आहे."

फार वर्षांपासून माहीत आहे. त्या वाक्यानं माझ्या अंगाची लाही झाली. माहीत असलेली गोष्ट त्या टायवाल्यांपैकी कोणालाच कशी माहीत नव्हती? की असून सांगितली नव्हती?

कॅप्सूल बंद. सलाइन, एनिमा, अँटिबायोटिक आणि लॅक्ट्युलोज नावाचं गोड, दाट औषध. त्यानं जुलाब होतात, आणि जुलाब व्हायलाच हवेत, घाण तशीच बाहेर पडते. ज्यांना पेशंट सांभाळायचा आहे त्यांनी फडकी जास्त न्यावीत आणि लाज घरी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी दिलीप आला. मिस्टर रात्रीपासून बेशुद्धीत होते. त्यांच्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण वॉर्डमध्ये राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंशी तो वाद घालायला लागला. "मॅडम, नैसर्गिक आहे हे. डाळीतसुद्धा असतं."

"म्हणून सध्या डाळसुद्धा बंद आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.

तो माझ्याकडे वळला. "ताई, माझ्या मनात काय वाईट होतं का?"

मी म्हटलं, "तुझ्या मनाचं मी काय करू? मन काय यांना पाजू? जिना उतर."

"ताई..."

"उतर."

तो उतरला. व्हरांड्यातल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. बघू देत.

मिस्टर हळूहळू परत आले. आधी डोळे फिरवू लागले, मग माझं नाव घेतलं, मग सासूबाईंना बघून म्हणाले, "माय, तू जेवनी का?" सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन मोठ्यानं रडल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला लक्षणं पाठ करून घ्यायला लावली. हात फडफडणं, उलटी झोप, वास, अक्षर बिघडणं. एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. देवाचे आभार मानायचे तेव्हा मी त्या बाईंचेही मानते, देवाच्या आधी.

मिस्टरांनी दिलीपला माफ केलं. त्यांचा स्वभावच तसा. म्हणाले, "पोरगं आहे, फसलं." मी नाही केलं. पुढच्या वर्षी भाऊबीजेला दिलीप आला, मी ओवाळलं आणि एक शब्दही बोलले नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही. एके दुपारी एक अनोळखी बाई पत्ता विचारत घरी आली. वरणगावकडची. तिच्या नवऱ्यालाही सिरॉसिस. पिशवीत तीच बाटली. "तुमचे मिस्टर याच्यानेच बरे झाले ना?" तिनं विचारलं. "जळगावच्या सभेत सांगितलं. म्हटलं, डोळ्यांनी बघून यावं."

म्हणजे दिलीप अजूनही सांगत होता. सगळं बघून, त्या कॉटजवळ उभा राहून, अजूनही.

मी तोंड उघडायच्या आत मिस्टर उठले. त्यांनी त्या बाईला बसवलं आणि स्वतः सगळं सांगितलं, चांदणीसकट. मग चपला घालून किराणा दुकानात गेले. मी मागोमाग. त्यांनी फोन लावला. आवाज चढवला नाही.

"दिलीप, मी आहे तोवर माझं नाव घेऊन काही विकायचं नाही. मी गेल्यावर तर मुळीच नाही. आणि वरणगावच्या ज्या माणसाला तू बाटली दिलीस, त्याच्या घरी आज जा. तू स्वतः जा. त्याला दवाखान्यात ने."

पलीकडून काय उत्तर आलं माहीत नाही. पण दिलीप गेला. त्या बाईनं नंतर निरोप पाठवला. त्यानंतर त्याचा टाय मी पाहिलेला नाही. माझं त्याच्याशी बोलणं कामापुरतं सुरू झालं. त्याहून जास्त माझ्याकडून होणार नाही, आणि ते व्हावं असं मला वाटतही नाही.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर कोणी प्रेमानं काही आणलं म्हणून घेऊ नका. लेबल डॉक्टरला दाखवा. डॉक्टर हसला तर दुसरा डॉक्टर शोधा. वाईट दिसेल. दिसू द्या.

मिस्टरांचं यकृत बरं झालेलं नाही, होणारही नाही. थोडं काम करतात, थकतात. गल्लीतल्या मारुतीच्या देवळावर नाव लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे आणि मी शिडीवर चढू देत नाही, म्हणून सकाळपासून ओट्यावर बसून माझ्या नावानं शंख करताहेत. शिव्या मला, माझ्या माहेरच्या सात पिढ्यांना. मी आत हे लिहिते आहे आणि ऐकते आहे. एकही शब्द अडखळत नाही, एकही नाव चुकत नाही. म्हटलं, चालू द्या. दिवसभर चालू द्या.