दीपमालाच्या दुकानात स्की

आता तुम्हीच सांगा, ज्या शहरात चार गारा पडल्या तरी द्राक्षवाले डोक्याला हात लावून बसतात, तिथे बर्फावर घसरायच्या फळ्या दुरुस्त करणारं दुकान कोण कशाला काढेल? पण गरज पडली की माणूस वाळू रगडून तेल काढायला निघतो. संपदा नावाची एक बँकेतली बाई अशीच नाशिक पालथं घालत होती, आणि शेवटी शालिमार चौकाच्या मागच्या बोळात दीपमालाच्या दुकानाशी येऊन थांबली.

दीपमालाचं दुकान कॅलिपरचं. पायात जोर नसलेल्या माणसाच्या पायाला दोन्ही बाजूंनी सळ्या लावायच्या, त्या पट्ट्यांनी बांधायच्या, खाली बुटात बसवायच्या आणि माणूस उभा करायचा, हा तिचा धंदा. आणि नमुना बघायला लांब जायलाच नको. तिचा स्वतःचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, तेव्हापासून ती कॅलिपरवरच चालते.

तिचे वडील देवरामआबा मूळचे देवळ्याकडचे लोहार. कांद्याच्या वावरातली खुरपी, विळे घडवायचे. लेकीला दवाखान्यातून कॅलिपर मिळालं, पण लेक वाढत गेली आणि कॅलिपर काही वाढेना. मग आबांनी भट्टी पेटवून स्वतःच सळ्या लांबवल्या. ते बघून दुसऱ्या पोरांचे आईबाप आले, तिसऱ्यांचे आले, आणि खुरपी मागे पडली. आबा बिऱ्हाड घेऊन नाशकात आले ते आलेच. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून काम दीपमाला करते. आबा खुर्चीत बसून नुसती जीभ चालवतात, आणि ती काही केल्या थरथरत नाही.

दीपमालाची खोड एकच, चौकशी. कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय तिला घास गिळवत नाही. शेजारणीचा मिक्सर तिने चालू असताना खोलला होता. म्हणजे चांगला चालू होता, बिघडलेला नव्हता! शेजारीण अजून टोमणे मारते.

तर अशा बाईच्या दारात संपदा डोक्याहून उंच पिशवी घेऊन उभी राहिली. पिशवीतून दोन लांब, टोकाला वर वळलेल्या फळ्या निघाल्या, दगडासारखे जड बूट निघाले, आणि एका डब्यातून लोखंड-प्लास्टिकचे चार तुकडे.

“हे काय हो ताई?” दीपमालाचे डोळे चमकले.

“स्की. बर्फावर घसरायच्या. आणि हे तुकडे म्हणजे बाइंडिंग. पुढचा बुटाचं नाक धरतो, मागचा टाच धरतो. गुलमर्गला शिकायला गेले होते तेव्हा सगळं भाड्याने घेतलं होतं. या माझ्या स्वतःच्या, जुन्याच घेतल्यात. पण यावरची भोकं दुसऱ्याच्या बुटाच्या मापाची आहेत. माझ्या बुटाच्या मापाने नवीन पाडायचीत.”

“मग आधी कुणाकडे नेल्या नाहीत?”

संपदाने कपाळावर हात मारला. खेळाच्या दुकानात गेली, तर त्यांनी तिला पॅड आणि ग्लोव्ह्ज दाखवले. सायकलवाल्याने विचारलंसुद्धा नाही, सरळ ड्रिल काढलं, म्हणून ती फळ्या उचलून पळाली. सुतार म्हणाला, आरपार नटबोल्ट मारून देतो, हत्ती बसला तरी हलणार नाही. “आरपार! खालची बाजू बर्फावर घसरायची असते हो! शेवटी मला वाटलं, पायाचं आणि लोखंडाचं एकत्र कळतं असं माणूस कोण आहे?”

“आपल्यासारखं नाशकात दुसरं कोण नाय,” आबा खुर्चीतून म्हणाले. आबांना स्तुती अशी हातोहात घेता येते.

“मी हे कधी केलेलं नाही,” दीपमाला म्हणाली. “पण ठेवून जा. मला बघायचंय.”

तिने खरोखर जीव लावून काम केलं. आधी प्लायच्या तुकड्यांवर भोकं पाडून बघितली. फळी आरपार होऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली. जुनी भोकं अराल्डाइटने बुजवली. बुटाचा मध्य आणि फळीचा मध्य जुळवताना तर तिने आबांना खोकायलाही बंदी घातली. सगळं बसल्यावर तिला पुढच्या आणि मागच्या तुकड्यावर एकेक मोठा स्क्रू दिसला, आणि शेजारी आकड्यांची इवलीशी खिडकी. काटा खालच्या आकड्यांवर होता.

“ढिलं दिसतंय, आबा.”

“मग आवळ की! बाई डोंगरावरनं घसरणार, अन् मधेच बूट सुटला म्हंजे? आपलं कॅलिपर कधी सुटलंय का?”

नव्हतंच सुटलं. सुटलं असतं तर माणूस तोंडावर आपटला असता. दीपमालाने चारही स्क्रू काटा पार टोकाला जाईपर्यंत आवळले. संध्याकाळी संपदा आली, फळ्या बघून हरखली, दहा वेळा थँक्यू म्हणाली. तिचं परवाचं विमान होतं. फळ्या घेऊन गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दीपमाला एका आजोबांच्या कॅलिपरची गुडघ्याची कडी बसवत होती. चालताना ती कडी पक्की राहते, म्हणून गुडघा दुमडत नाही. बसायचं असलं की हाताने वर ओढायची. साधी लोखंडी कडी. आणि तिच्या डोक्यात कालपासून वळवळणारा किडा वर आला. त्या बाइंडिंगमध्ये एवढ्या जाड स्प्रिंगा कशाला होत्या? पाय नुसता धरून ठेवायचा असता तर एका कडीत काम झालं असतं. स्प्रिंग माणूस कुठे लावतो? जिथे काहीतरी कधीतरी मागे सरायला हवं असतं तिथे.

तिने फोन उचलला. “ताई, एक विचारू? त्या बर्फात माणूस पडला की काय होतं?”

“काय होणार, बूट सुटतो,” संपदा सामान बांधता बांधता म्हणाली. “सुटलाच पाहिजे. फळी अडकून राहिली तर पाय पिळवटतो ना. गुडघाच जायचा!”

दीपमालाने फोन छातीशी धरला आणि आबांकडे बघितलं.

आबांनी सगळं ऐकलं होतं. “तिकडं कोणतरी बघंलच की,” ते हळू आवाजात म्हणाले. “उगा कशाला आपल्या हातानं आपलं नाव घालवायचं?”

“आणि नाही बघितलं तर?”

दीपमालाला आबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण क्षणभर तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. तिने फोन कानाला लावला. “ताई, माझ्या हातून चूक झालीय. ते मी इतकं आवळलंय की तुम्ही पडलात तरी ते सुटणार नाही. फळ्या घेऊन या. आत्ता या.”

संपदा आली, पण कालची संपदा नव्हती. पिशवी धाडकन टेबलावर ठेवली. “मी सगळ्या नाशकात तुमच्यावर भरवसा ठेवला, दीपमालाताई.”

“हो,” दीपमाला म्हणाली. तिने पिशवीतून फळ्या बाहेर काढल्या.

संपदाने गुलमर्गच्या प्रशिक्षकाला व्हिडिओवर धरलं. त्याने वजन विचारलं, वय, उंची विचारली, बुटाच्या तळाची लांबी विचारली आणि काटा कुठे आणायचा ते सांगितलं. दीपमालाने स्क्रू सैल केले. मग तो म्हणाला, आता बूट अडकवून उभ्या राहा आणि पाय आतल्या बाजूला जोरात पिळा. बूट सुटला तर ठीक. नाही सुटला तर माझ्याकडे पोचेपर्यंत त्या फळ्यांवर चढू नका.

संपदा चढली. बूट खटकन अडकला. पण पिळायची वेळ आली आणि ती खांबासारखी ताठ झाली. “मला भीती वाटते,” ती म्हणाली. “आता नाही माझा विश्वास बसत. हे सुटलंच नाही तर?”

“उतरा,” दीपमाला म्हणाली. “तुमचं-माझं वजन सारखंच असेल. आधी मी चढते, मग तुम्ही.”

तिने उजव्या, चांगल्या पायात तो बूट घातला. जरा सैल झाला, म्हणून मोज्यावर मोजा चढवला. माप घ्यायच्या बाकावरची फोमची गादी संपदाला जमिनीवर टाकायला लावली. टेबलाला धरून तिने फळीवर पाय ठेवला आणि टाच दाबली. खट. एक पाय सळ्यांत, एक फळीत. हिचा हा एकच धड पाय आहे, हे संपदाला आत्ता उमगलं. ती म्हणाली, “नको, दीपमालाताई. मी पिळते. मीच पिळते.”

आबा खुर्चीतून कसेबसे उठून आले होते आणि त्यांनी लेकीचं मनगट घट्ट पकडलं होतं. “दीपे, पडशील गं!”

“पडायचंच आहे, आबा. सोडा हात.”

आबांनी सोडला नाही. तिनेच हळूच सोडवून घेतला. दुसरा हात टेबलावरून काढला, श्वास धरला आणि सगळं अंग आत पिळलं. बूट सुटला नाही. तिने दात खाऊन पुन्हा जोर दिला.

खाड!

ती आडवी गादीवर आपटली. कॅलिपरच्या सळ्या फरशीवर खणखणल्या. फळी होती तिथेच होती, आणि बूट तिच्या पायासकट बाहेर. गुडघा शाबूत, घोटा शाबूत.

दीपमाला आयुष्यात खूप वेळा पडली होती. शाळेच्या पायऱ्यांवर, बसमध्ये चढताना, भर लग्नात पंगतीतून वाट काढताना. दर वेळी आधी लाज वाटायची, मग लागलेलं कळायचं. आज ती पडली आणि तिला इतका आनंद झाला की ती गादीवर पडल्या पडल्या मोठ्याने हसायला लागली. “सुटलं! ताई, बघितलंत? काय सोडलाय पाय!”

संपदाने हात पुढे केला. दीपमाला उठली, साडी झटकली, टेबलाला धरून उभी राहिली.

“ही झाली. आता दुसरी फळी द्या इकडे, तीही बघते.”

संपदाने आबांकडे बघितलं. आबांचे डोळे भरून आले होते. पण ते लेकीचा हात धरायला पुढे आले नाहीत. त्यांनी फक्त थरथरत्या हातांनी गादी ओढली आणि लेक जिथे पडणार होती तिथे नीट सरकवून ठेवली.