बाईंच्या फळ्यावरची चूक

आमच्या गणिताच्या बाईंइतकं चुकणारं माणूस अख्ख्या डोंबिवलीत झालं नसेल, आणि चूक पकडल्यावर त्यांच्याइतकं खूश होणारं तर उभ्या ठाणे जिल्ह्यात मिळायचं नाही. तासाला फळ्यावर एक तरी चूक व्हायचीच. ती ज्याला सापडेल त्याला बाईंच्या डब्यातली खोबऱ्याची वडी. कुणालाच नाही सापडली, तर बाई ती आमच्यासमोर चवीचवीने खायच्या, पन्नास पोरं आवंढे गिळत बघायची, आणि मग बाई स्वतःच चूक पुसायच्या. वर्गाबाहेरही तेच. एकदा हेडसरांनी लावलेली सूचना लाल शाईने तपासून, दहापैकी सहा गुण देऊन त्यांनी ती फलकावर परत लावली. "चूक दिसून गप्प बसलात की ती तुमची झाली," असं म्हणायच्या. मला चुका धडाधड दिसायच्या. पण मी शीळफाट्याजवळच्या गावातली, बोलण्यात आमच्या आगरी बोलीचा हेल. कोण हसेल या धास्तीने दोन वर्षांत एकदाही उभी राहिले नाही.

शाळा सुटून चाळीस वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी आमच्या जमिनीची वाटणी झाली. बाबा नाहीत, त्यामुळे एकीकडे तीन काका आणि दुसरीकडे आई एकटी. मोजणीवाल्याने कागदावर चारही वाटे सारखे दाखवले. आईला कोपऱ्यातला त्रिकोणी तुकडा. सगळ्यांनी माना डोलावल्या, आई सहीला वाकली, आणि माझी नजर आकड्यांवर गेली. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना या पठ्ठ्याने निम्मं करायचंच सोडून दिलं होतं! म्हणजे आईला मिळत होता अर्धाच वाटा. मी कागद हातात घेतला, तसे थोरले काका म्हणाले, बायकांनी यात पडू नये. कोण हसेल ही धास्ती होतीच, तरी उभी राहिले.

"काका, हिशेब चुकलाय. आई सही करणार नाही."

पुन्हा फीत धरली, पुन्हा गुणाकार झाला, आणि त्रिकोणाच्या जोडीला विहिरीकडची अख्खी पट्टी आईच्या वाट्याला आली. थोरले काका दोन दिवस आमच्या दारावरून मान फिरवून गेले. तिसऱ्या दिवशी नातीला गणितासाठी माझ्याकडे घेऊन आले.

मी तडक डोंबिवलीशेजारच्या कोपरला बाईंच्या घरी गेले. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं, मग शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा. मी म्हटलं, बाई, ही तुमच्या त्या मुद्दाम केलेल्या चुकांची कृपा. तर बाई ओशाळल्या.

"मुद्दाम कसल्या गं? नवी होते, फळ्यासमोर घाबरून खरंच चुकायचे."

मी म्हटलं, मला सगळ्या दिसत होत्या हो, पण उभं राहवलं नाही.

"माहितेय. तुझा चेहरा कसनुसा झाला की मला कळायचं, कुठेतरी चुकलंय. मग शोधायचे."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या वर्गात मी असून नसल्यासारखीच होते.