आत्याने स्वतःसाठी ठेवलेली बशी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं, कारण आत्या म्हणेल, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नाहीच भिजत.

आत्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवते. झाकणाच्या छोट्या बशा, त्यात गुलाबी पाणी, त्यात गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढून ताजं घालायचं, घरात आम्ही त्याला बाळांचं जेवण म्हणतो. सध्या तिथे तांबीची तपासणी चाललीय, म्हणजे कॉपर-टी, पाळणा लांबवायला बसवतात ती. तिच्या तारेचा तुकडा बशीत टाकायचा, तीन दिवसांनी निळा रंग घालून मोजायचं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत चमकते. अकरा वर्षं मोजतेय ती हे.

आणि तिला स्वतःलाच आठ वर्षांपासून तांबी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"येते गं पुढच्या आठवड्यात" असं माझं चार महिने चाललेलं. शेवटी गेले तर ती भिंत धरून उभी, पांढरीफटक. काका म्हणाले, "तूच विचार हिला. दुसरं मूल हवं म्हणून हिनेच हट्ट धरला होता, आता म्हणते विषय काढू नका."

काका सामान आणायला गेल्यावर बोलली. पाच महिने पाळी दहा-दहा दिवस चालतेय. डॉक्टरकडे गेली नव्हती.

"का पण?"

"आत काय झालंय ते मी बघितलंय."

तिने गुपचूप एक बशी स्वतःसाठी ठेवली होती. उरलेल्या पेशी, एक तार, कपाटात अगदी मागे. आठ वर्षांचे आठ दिवस, असा तिचा हिशोब. मग रंग घातला तर सगळं निळं.

"एकही चमकत नव्हती गं. तिथे बाळ कसं राहणार?"

मला रडू आलं आणि रागही आला. दुसऱ्या दिवशी तिचा विसरलेला डबा द्यायला प्रयोगशाळेत गेले आणि बाहेरच्या खोलीत तिच्या मॅडम भेटल्या, तर आत्यासमोरच सगळं ओकून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. हातमोजे काढले. "आठ दिवसांत पाणी कितीदा बदललंस?"

"एकदाही नाही," आत्या म्हणाली. प्रत्येक बाटली लिहून घ्यावी लागते, चोरून बदलणार कुठून.

"आणि शेजारची बिनतारेची बशी?"

नव्या पोरींना आत्या पहिल्याच दिवशी दम देते, बिनतारेची जोडीची बशी ठेवल्याशिवाय मोजायचं नाही, नाहीतर पेशी कशाने मेल्या ते देवालाही कळणार नाही. स्वतःसाठी मात्र ती बशी ठेवलीच नव्हती.

"अगं, उपाशी मेल्या असतील त्या."

"म्हणजे तांब्याने काहीच होत नाही?" मी मध्येच.

"असं कोण म्हणतंय? तारेजवळच्या पेशी मरतात, थोडी सूज येते, शुक्राणू जगत नाहीत, म्हणून तर ती काम करते. पण बशीत तांबं साचून राहतं. अंगात रक्त वाहतं, दर महिन्याला अस्तर गळून नवं येतं. काढल्यावर बहुतेकींना दिवस राहतात. हिला राहतील का, ते बशी नाही सांगणार." मग आत्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाच महिने रक्त जातंय आणि रोज माझ्या शेजारी बसून मोजत होतीस? ते तांबीमुळेच असेल असंही नाही, दुसरंही काही असू शकतं."

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबा ठेव आणि जा."

काल काका तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. अंगातलं रक्त फारच कमी झालंय. आधी ते भरून काढायचं, सोनोग्राफी करायची, मग तांबी काढायची. मुलाचं विचारलं तर डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती चाळिशीला टेकलीय, आणि त्यातले पाच महिने एका उपाशी बशीने खाल्ले. त्यातल्या चार महिन्यांत मी फक्त फोन करत होते.

अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलू नकोस, बरी हो.

तुमचीही कुणीतरी असेल फोनवर "मी मजेत" म्हणणारी. मावशी, वहिनी, जुनी मैत्रीण. पुढच्या आठवड्यात नको, या रविवारी जा. तिच्यासमोर जाऊन बसा आणि ती बोलेपर्यंत उठू नका.