गौराक्कांचा धुराचा चहा

गेल्या महिन्यात कळंबहून पुतण्याचा फोन आला. "मोठी आई गेली. दुपारचा चहा घेतला आणि भिंतीला टेकूनच गेली." मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गौराक्का. मुलांनो, लहानपणी सुट्टीत त्यांचा धुराचा कोरा चहा पिऊन तुम्हाला ठसका लागला होता. आता तिकडे परदेशात तसलाच चहा सुबक डब्यातून मिळतो, असं तुम्ही कळवलंत, म्हणून हे लिहून ठेवते.

निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात मी सोलापूरला मॅट्रिक होऊन त्या घरात आले. घर लिंगायत आडत्यांचं, निम्मं बोलणं कानडीत. थोरले दीर वीरण्णा धान्याच्या गाड्या घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीला जात. वाटेत ओल्या लाकडांवर उकळलेल्या चहाची त्यांना अशी चटक लागली, की घरचा चहा मिळमिळीत वाटे. "दूध वासराला ठेवा, मला धूर द्या," म्हणायचे. मग गौराक्का बाभळीच्या निखाऱ्यांवर ओला भुसा टाकत, वर चाळणीत चहाची पूड पसरत आणि टोपली पालथी घालत. साऱ्या घराला तो वास लागे. स्वतः मात्र त्यांनी तो चहा कधी चाखला नव्हता. बायकांनी चहा प्यायचा रिवाजच आमच्याकडे नव्हता.

पुढे त्या सरहद्दीवर लुटालुटीची धामधूम सुरू झाली आणि एके दिवशी बार्शीच्या वाटेवरून बैल गाडी ओढत एकटेच परत आले, वीरण्णांचा पत्ता नव्हता...

वाटेवरच्या माणसाचा वाटा त्याच्या नावानं काढून ठेवायचा, ही घरची रीत. गौराक्का रोज दुपारी वीरण्णांच्या खोलीत चहाचा कप ठेवत आणि दार ओढून घेत. संध्याकाळी कप रिकामा असे. मांजर, उंदीर, घरातलंच कुणी... मी सगळं तपासलं. कपावर बशी पालथी घालून पाहिली. बशी जागच्या जागी, आणि कप कोरडा.

असे महिने गेले. शेवटी मामंजींनी जंगम पुरोहितांना बोलवायचं काढलं. म्हणजे वीरण्णांचं कार्य करायचं आणि गौराक्कांचं मंगळसूत्र उतरवायचं. गौराक्का दाराआडून म्हणाल्या, "कप रिकामा व्हतोय तवर ते जित्ते हायेत, मामंजी. कार्य करू नका."

"कोण पितंय ते बघू की," मामंजी म्हणाले. "धाकटी बसंल दाराशी. शिकलेली हाय, खोटं बोलायची न्हाई. आज कप भरलेला राहिला तर कार्य."

"मॅट्रिक करून चहाची राखण," अव्वा, म्हणजे आमच्या सासूबाई, पुटपुटल्या. "सार्थक झालं गं बाई."

मी खिडकीला आतून कडी घातली, कप ठेवला आणि दार ओढून उंबऱ्याबाहेर बसले. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. चहा निवत जाईल तसा वास कमी व्हायला हवा होता. तो वाढत चालला. दाराच्या फटीतून धूर येतोय असं वाटून मी दोनदा वाकून पाहिलं. धूर नव्हता. आत बाज करकरली, एकदाच. थोड्या वेळानं वास एकाएकी नाहीसा झाला.

उन्हं उतरल्यावर सगळ्यांसमोर दार उघडलं. कप काठोकाठ भरलेला होता.

मामंजींनी मान खाली घातली. गौराक्कांनी कप उचलून नाकाशी नेला, मग माझ्यापुढं धरला. "वास घे."

मी घेतला. कसलाच वास नव्हता.

"आता चाख."

तोंडात नुसतं कडू, काळं पाणी आलं. त्याच चहाचं उरलेलं पातेलं चुलीवर होतं, त्याचा धुराचा वास ओसरीपर्यंत येत होता.

"आलते," गौराक्का म्हणाल्या. "पण जित्ता माणूस चहा पितो गं. गेलेला नुसता वास घेतो."

मग मामंजीच म्हणाले, "पोरी, राहू दे. अजून थोडे दिवस बघू."

"न्हाई मामंजी. बोलवा जंगमाला."

मंगळसूत्र त्यांनी आपल्या हातानं काढून अव्वांच्या ओंजळीत ठेवलं. मग चुलीशी गेल्या, पातेल्यातला चहा गरम करून दुसऱ्या कपात ओतला आणि सासऱ्यांदेखत भिंतीला टेकून बसल्या. वाफ तोंडावर येऊ दिली. डोळे मिटून एक घोट घेतला, थांबल्या, पुन्हा एक घेतला. कप तळापर्यंत संपवला. त्यांना कुणी अडवलं नाही.

"लई गोड लागतो गं ह्यो," त्या मला म्हणाल्या. "येवढी वर्सं मी नुसताच करत व्हते."