चिठ्ठी न लावलेली प्रत

पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, दिवसभर वाचायला मिळेल. मिळाली ती खळ. संसदेनं राज्यघटनेत दुरुस्ती केली की छापील चिठ्ठ्या यायच्या आणि मी त्या प्रत्येक प्रतीत जुन्या मजकुरावर चिकटवायच्या. आणीबाणीतल्या दुरुस्तीनं माझी बोटं आठवडाभर चिकट राहिली. पुढे सरकार बदललं आणि त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या बसल्या. देशातल्या एवढ्या उलथापालथीत माझी तक्रार एकच, पुस्तकं फुगून कपाटात मावत नाहीत.

नव्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी मालमत्तेच्या हक्काची होती. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्कांच्या यादीतून उठून मागच्या पानांवर, साध्या कायदेशीर हक्कांत जाऊन बसला होता. नेमकी तेव्हाच येरवड्याच्या पलीकडे गावात असलेल्या आमच्या शेताला भूसंपादनाची नोटीस आली होती.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी भिस्त त्या हक्कावर. मीच हौसेनं त्यांना तो वाचून दाखवला होता. आता तो गेला म्हटल्यावर ते म्हणाले, आपली सुनावणी होईपर्यंत ती चिठ्ठी लावू नको. मी समजावलं. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडतात, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, राष्ट्रपतींची सही होते आणि घटना बदलते. चिठ्ठी नुसता कागद.

"कागदच हाय, तर मग नको लावू की."

मी एक मराठी प्रत तशीच ठेवली.

सुनावणीला त्यांनी मला तीच प्रत आणायला लावली. भूसंपादन अधिकाऱ्यांसमोर उभं राहून, ओळीखाली बोट धरून त्यांनी कलम वाचलं. शाळा चौथीपर्यंतची, पण एकदाही अडखळले नाहीत. मला अभिमान वाटत होता आणि भीतीही. अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, वाचन उत्तम. फक्त कलम रद्द झालंय."

मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं, महाविद्यालयाचा शिक्का पाहिला आणि यात दुरुस्त्या लावायचं काम कोणाचं, असं मला विचारलं. माझी नोकरी हंगामी होती. मी काही बोलायच्या आत आबा पुढे झाले.

"पोरीनं लावली व्हती, सायेब. म्याच उपटून काढली."

आबा खोटं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. आपला बांध हातभर शेजाऱ्याच्या रानात सरकलाय, हे त्यांनी एकदा स्वतः जाऊन शेजाऱ्याला सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी पानावरून बोट फिरवलं. खळीचा डाग नव्हता, कागद कुठे सोललेला नव्हता. त्यांना कळलं असणारच. त्यांनी पुस्तक मिटून मला परत दिलं आणि आणखी काही हरकत आहे का, असं आबांना विचारलं.

विहिरीचं, बागायतीचं, त्याऐवजी पलीकडची पडीक जमीन घेण्याचं, असं बरंच आबा पाठ करून आले होते. पण आता पुस्तक फाडल्याचं कबूल करून बसलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं मागायचं? ते हात जोडून बाहेर पडले. वर्षभरात जमीन गेली. मला मात्र त्याच ग्रंथालयात कायम केलं आणि तिथूनच मी निवृत्त झाले.