झडपेच्या कडेची फट

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मी फिटर होतो. पस्तिशीत छाती उघडून माझ्या हृदयात धातूची झडप बसवली होती. त्यानंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली. मग जरा चाललं तरी दम लागू लागला, चेहरा पांढरा पडला, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली.

"काऊन जी, असे भिंतीले टेकून उभे राहून राह्यले?" बायकोनं एकदा विचारलं. उत्तर ऐकून न घेता दुसऱ्या सकाळी तिनं मला नागपूरच्या गाडीत बसवलं.

तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "झडप चांगली आहे. तिच्या कडेचे टाके एका जागी सुटलेत. त्या फटीतून रक्त जोरानं मागे येतं आणि घासून फुटतं. म्हणून रक्त कमी झालंय."

"पुन्हा छाती फाडाची का?" बायकोनं विचारलं.

"त्यात धोका जास्त आहे. मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन फट बुजवता येते का, ते बघू."

त्यांनी एक नमुना माझ्या हातात दिला. नळीतून ढकललं की तारेच्या जाळीचा बूच बाहेर येऊन फुगायचा. ओढलं की मुकाट परत आत. मी तो सात-आठ वेळा आत-बाहेर केला. आयुष्यभर गळके पंप दुरुस्त केले होते, पण चालू पंपाची गळती आतून बुजवणारा माणूस पाहिला नव्हता. भीती होतीच. तरी हे कसं करतात ते बघायची घाई भीतीहून जास्त होती.

मांडीपुरतीच जागा बधिर केली. बाजूला पडदा दिसत होता आणि त्यावर माझी झडप उघडझाप करत होती. तार तिच्या कडेला जायची आणि घसरायची. चार-पाच वेळा असं झालं.

"काका, श्वास घ्या," नर्स म्हणाली, तेव्हा कळलं की मी तो रोखून धरलाय.

आणि तार पलीकडे गेली.

पहिला बूच लहान पडला. तो परत ओढून त्यांनी मोठा घातला, पण तारेवरून लगेच सोडला नाही. तो झडपेच्या पात्यांना अडत नाही ना, ते बघत राहिले. पाती मोकळी हलत होती.

"सोडू का?" डॉक्टरांनी सहकाऱ्याला विचारलं.

"सोडा की," मीच म्हणालो. सगळे हसले, आणि त्यांनी सोडला.

वॉर्डात आल्या आल्या मी बायकोला हातवारे करून सांगायला लागलो.

"मुकाट पडा. पाय हालवू नका म्हणलं ना त्याईनं," ती म्हणाली. पण खुर्ची जवळ ओढून तिनं सगळं ऐकलं, दोनदा.

थोडी गळती उरली होती. तपासणीला जावं लागायचं आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटली नाही. पण महिन्याभरात लघवी स्वच्छ झाली, तोंडावर रंग आला. मिलमध्ये गेलो तेव्हा हमालांनी मला घेरलं. मी खडूनं एका पोत्यावर झडप काढली, मग तारेचा रस्ता.

"भैया, दर्द हुआ क्या?" एकानं विचारलं.

"देखने के चक्कर में ध्यान ही नहीं रहा," मी म्हणालो आणि दुसरं पोतं ओढलं, कारण बुचाचं चित्र काढायला पहिल्यावर जागा उरली नव्हती.