हैदरची क्रेन, उमरचा आवाज

"त्याच्या आवाजावर मी क्रेन हलवणार नाही," हैदर म्हणाला आणि केबिनमधून खाली उतरला.

क्रेन उभी होती. माल बांधून तयार होता. सहा माणसं दोऱ्या धरून उभी होती आणि क्रेनचा ऑपरेटर चपला घालाव्यात तितक्या शांतपणे सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत बसला होता. रोजे चालू होते, सगळ्यांचे घसे कोरडे आणि डोकी तापलेली. माझंही तापलं.

मी सलीम परकार. मूळचा दाभोळकडचा. बहारीनमध्ये लिफ्टिंग सुपरवायझर आहे. जे जड असेल ते कुणाच्या डोक्यावर न पाडता उचलायचं, एवढंच माझं काम. त्या दिवशी आम्ही मआमीर गावाच्या अंगाला एका प्लांटच्या शटडाउनवर होतो. शटडाउन म्हणजे प्लांट ठरवून बंद ठेवायचा आणि तेवढ्यात सगळी दुरुस्ती उरकायची. तोवर क्लायंट आपल्या मानगुटीवर बसलेला असतो. आम्हाला नवा एक्स्चेंजर बसवायचा होता. एक्स्चेंजर म्हणजे एका गरम द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारं आडवं लोखंडी पिंप, आत नळ्याच नळ्या. आमचं पिंप ट्रकएवढं लांब होतं.

त्यातून ही ब्लाइंड लिफ्ट होती. म्हणजे क्रेन पाइपांच्या उंच मांडणीच्या अलीकडे आणि माल उतरायचा पलीकडे. ऑपरेटरला हुकाला काय लटकलंय ते दिसतच नाही. पलीकडे रिगर असतो, म्हणजे माल बांधणारा आणि इशारे देणारा माणूस. तो रेडिओवर सांगेल तेवढंच ऑपरेटरनं करायचं. वर म्हटलं की वर, शवै शवै म्हटलं की हळूहळू. इशारे एकाच माणसाचे. पण "थांब" मात्र साइटवरचा कुणीही म्हणू शकतो, अगदी पाणी वाटणारासुद्धा. आणि ज्यानं थांबवलं त्यानं कारण सांगून मोकळं केल्याशिवाय पुन्हा हलायचं नाही. हा नियम आमच्या धंद्यात जगभर आहे. पाळला किती जातो ते विचारू नका.

हैदर ऑपरेटर आणि उमर रिगर. दोघं सीरियाचे. कितीतरी वर्षं माझ्याच क्रूमध्ये. आपल्याकडे आडनावावरून माणूस कुठला ते ओळखतात, तसं त्यांच्याकडे नावावरून पंथ ओळखतात. हैदर अलवी, समुद्रकाठच्या खेड्यातला. उमर सुन्नी, हमाकडचा. इतकी वर्षं मला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उमर बोलायचा, हैदर उचलायचा, माल जागेवर बसायचा.

मग त्यांच्या देशातलं सरकार पडलं. जुनं राज्य अलवी घराण्याचं होतं. उमरनं सगळ्या क्रूला बकलावा मिठाई वाटली. हैदरनं एक तुकडा उचलला आणि म्हणाला, "गेले ते बरं झालं. आता आमचं काय होतं ते बघू." आम्ही हसलो होतो.

रमजान आला आणि जुन्या फौजेतल्या उरल्यासुरल्या लोकांनी समुद्रकाठच्या रस्त्यांवर नव्या सरकारच्या चौक्यांवर हल्ले केले. अशा एका चौकीवर उमरचा धाकटा भाऊ होता. तो गेला. त्याचा सूड म्हणून हत्यारबंद माणसं अलवी गावांत शिरली. दारं वाजवून पंथ विचारला आणि उत्तर ऐकून गोळ्या घातल्या. त्यात हैदरचा मोठा भाऊ गेला. तो ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकायचा. बंदूक त्यानं कधी धरली नव्हती.

आमच्या सलमाबादच्या कॅम्पमध्ये एक रीत आहे. कुणाच्या घरी मयत झाली की क्रू संध्याकाळी त्याच्या खोलीत जमतो. कडू कॉफी, खजूर, फार बोलायचं नाही. उमरच्या भावाची बातमी आली त्या संध्याकाळी हैदरही गेला. त्याच्या स्वतःच्या घरची बातमी तेव्हा यायची होती. दाराशी बसलेल्यांनी त्याला आत येऊ दिलं नाही. "तुमच्याच लोकांनी मारलंय," म्हणाले. उमर आत बसला होता. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. दोनच दिवसांनी हैदरच्या भावाचं कळलं. त्याच्या खोलीवर मी आणि आमचा मल्याळी स्टोअरकीपर एवढेच जाऊन बसलो. कॉफी स्टोअरकीपरनंच केली होती.

म्हणून त्या सकाळी हैदर खाली उतरला तेव्हा मला कारण विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"अबू इम्रान," तो म्हणाला. माझ्या थोरल्या मुलाचं नाव इम्रान, म्हणून अरब लोक मला तशी हाक मारतात, इम्रानचा बाप. "त्या दिवशी दारात त्याला एक शब्द बोलता आला नाही. आता रेडिओवर त्याचा आवाज मला नको. आणि आणखी एक. त्याला साधं खरचटलं तरी वारा होता का, माल बांधायचा बेल्ट तुटला का, हे कुणी विचारणार नाही. अलवीनं केलं म्हणतील. खलास."

दुसरा मुद्दा कसा खोडणार? ते खरंच होतं.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सबनीससाहेब, पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं एका मीटिंगमध्ये सुटलेलं हवं असतं.

"परकार, काय चाललंय हे? क्लायंट मला फाडून खातोय."

"उद्या सकाळी उचलतो, साहेब."

"उद्याचं ठीक आहे. पण नंतर या दोघांतला एक जायला हवा. कॅम्पमध्ये उद्या हाणामारी झाली तर कोण जबाबदार? उमरच्या बाजूनं सगळे आहेत, हैदर एकटा. त्याचा व्हिसा कॅन्सल करा, तिकीट काढून द्या."

"तिकीट कुठलं काढू? त्याच्या गावचं?"

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. मी तेवढ्यात पुढे रेटलं. "हैदरला पाठवला तर आपणच त्याला त्या बंदूकवाल्यांपुढे उभं केल्यासारखं होईल. उद्याची लिफ्ट मला या दोघांना घेऊन करू द्या. नीट झाली तर दोघं राहतील. नाही झाली तर मी स्वतः त्याला विमानतळावर सोडीन."

"आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

"इशारे मी देईन. माझ्या आवाजाशी कुणाचं वैर नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण ही शेवटची संधी."

संध्याकाळी हमद टाउनला घरी आलो. रोजा सोडताना बायकोला, शहनाजला, सगळं सांगितलं. इम्रान मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "इट्स नॉट युवर फाइट, अब्बा." शहनाजनं त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. तिनं विचारलं, "तो झोपतो कुठं आज? त्याच लोकांत?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जेवण अर्धं टाकून सलमाबादला गेलो आणि हैदरची वळकटी स्टोअरकीपरच्या खोलीत हलवायला घेतली.

जिन्यात तिघांनी मला अडवलं. त्यातला एक परांच्या बांधणारा स्कॅफोल्डिंगवाला, त्या दिवशी दारात तोच बसला होता. "अबू इम्रान, तू तर आपल्यातला. तू सुन्नी. त्याची बाजू का घेतोस?"

"मला उद्या वीस टन उचलायचेत," मी म्हटलं. "तुमच्यापैकी कुणाला क्रेन चालवता येत असेल तर सांगा, लगेच बाजू बदलतो." तिघं जिन्याच्या कडेला सरकले. मी गादी काखेत मारून वर गेलो.

सकाळी उमरला बाजूला घेतलं. सांगितलं, आज इशारे माझे. तू पलीकडे दोरी धरायची, माल फिरू द्यायचा नाही. रेडिओ छातीवर असू दे, पण "थांब"शिवाय एक अक्षर बोलायचं नाही. वर्षानुवर्षं ज्याच्या आवाजावर हे काम चाललं त्याला दोरी धरायला सांगणं म्हणजे अपमानच होता. तो फक्त "हाजिर" म्हणाला.

मी मधल्या प्लॅटफॉर्मवर चढलो. तिथून मला क्रेनही दिसत होती आणि मालही. उचललं. हैदरचा हात लोण्यासारखा मऊ. पिंप जमिनीवरून सुटलं, वर गेलं, पाइपांच्या डोक्यावरून पलीकडे निघालं. समुद्राकडून वारा आला तसं ते किंचित फिरलं. उमरनं दोरी ताणून ते आवरलं. आता फक्त खाली सोडायचं होतं.

"नज्जिल, शवै शवै," मी म्हटलं.

आणि रेडिओवर उमरचा आवाज आला. "वग्गिफ."

म्हणजे थांब. क्रेन जागीच थांबली.

मी निरखून पाहिलं. मला काही दिसेना. पिंप सरळ, बेल्ट ताठ, खाली जागा मोकळी. खाली सबनीससाहेब हात हलवत होते आणि त्यांच्या शेजारी क्लायंटचा माणूस घड्याळाकडे बघत होता. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की उमरनं डाव साधला. लिफ्ट बिघडवायची आणि हैदरच्या माथी मारायची. मला संताप आला आणि मी रेडिओचं बटण दाबलं. "हैदर, नज्जिल. इकडून सगळं ठीक आहे."

क्रेन हलली नाही.

"हैदर, ऐकू येतंय ना?"

"येतंय," हैदर म्हणाला. "ज्यानं थांबवलं त्याला विचार."

"मी सुपरवायझर आहे. मी सांगतोय."

"मफी, अबू इम्रान. त्याला विचार."

मफी म्हणजे नाही. नियम मला माझ्याच ऑपरेटरनं ऐकवला. मी उमरला विचारलं. तो धापा टाकत बोलत होता. त्याच्या बाजूचं पॅड सरकलं होतं. कापडी बेल्ट लोखंडाच्या धारेवर कापू नये म्हणून मध्ये जाड पॅड घालतात. पिंप फिरलं तेव्हा ते निसटलं आणि बेल्ट थेट पिंपाच्या पायाच्या धारेवर बसला. धागे सुटत होते. ती बाजू फक्त उमरला दिसत होती. आणखी थोडं खाली सोडताना धक्का बसला असता तर वीस टन खाली आले असते. सगळ्यांत जवळ उमरच होता, पण पळून न जाता त्यानं दोरी तशीच धरून ठेवली होती.

"सगळे मागे व्हा," मी ओरडलो.

"मी सोडली तर ते फिरेल," उमर म्हणाला. "धारेवर घासेल."

मला दिसत नव्हतं, हैदरला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं त्याला मीच बोलायची बंदी केली होती.

रेडिओवर हैदर बोलला. आवाज चढलेला नव्हता. "अबू इम्रान, तुला दिसत नाही. त्याला दिसतंय. तू गप्प बस, त्याला बोलू दे."

मी तेच केलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय आणि तोही दुसऱ्यानं सांगितलेला.

"उमर, इशारे तुझे," मी म्हटलं.

मग उमरनं सुरुवात केली. थोडं डावीकडे. थांब. खाली, केसाएवढं. थांब. आणखी केसाएवढं. दोघांनी एकमेकांचं नाव एकदाही घेतलं नाही. जमिनीवर लाकडी ओंडके मांडून ठेवले होते, त्यांच्यावर पिंप टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी खाली गेलो. बेल्ट हातात घेतला. त्याच्या कडेचे धागे म्हाताऱ्याच्या दाढीसारखे बाहेर आले होते. क्लायंटच्या माणसानं तो पाहिला आणि घड्याळ बाहीखाली लपवलं.

उमर ओंडक्यांपाशी उकिडवा बसला होता. तळहात सोलले होते. मी त्याला म्हटलं, "मला वाटलं तू मुद्दाम थांबवलंस."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तो थांबला."

तारेचे दोर आणले, पॅड बांधून घेतले. दुपारी तेच पिंप उमरच्या आवाजावर जागेवर बसलं. मी प्लॅटफॉर्मवर नुसता उभा होतो.

सबनीससाहेबांनी शब्द पाळला. हैदरचा व्हिसा शाबूत राहिला. स्टोअरकीपरच्या खोलीत तो अजून राहतो आणि स्टोअरकीपर त्याच्या घोरण्याची तक्रार माझ्याकडे करतो. पुढच्या आठवड्यात साहेब मला म्हणाले, "परकार, तुम्ही या दोघांची दिलजमाई कशी केलीत त्यावर छान प्रेझेंटेशन करा. हेड ऑफिसला पाठवू."

"दिलजमाई झालेली नाही, साहेब. लिफ्ट झाली."

त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय. पण खरंच झालेली नाही. ते दोघं एकत्र जेवत नाहीत. कामाबाहेर बोलत नाहीत. मात्र उमर रजेवर असला की हैदर ब्लाइंड लिफ्टला नाही म्हणतो, आणि दुसरा ऑपरेटर दिला की उमर मला येऊन विचारतो, याला थांबता येतं का.

ईदनंतर एकदा चहाच्या शेडमध्ये तो स्कॅफोल्डिंगवाला उमरला सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याच्या लोकांनी तुझा भाऊ मारला आणि तू त्याला रस्ता दाखवतोस?"

उमर चहा फुंकत होता. "मी थांब म्हटलं की तो थांबतो," तो म्हणाला. "सुपरवायझर ओरडला तरी. तुमच्यातला एक तरी थांबला असता?"

नव्या सुपरवायझरांना शिकवताना मी आता एवढंच सांगतो. ऑपरेटर आणि रिगर यांचं एकमेकांशी पटतं का, ते बघायच्या भानगडीत पडू नका. एकानं थांब म्हटल्यावर दुसरा थांबतो का, ते बघा.